आमची वाटचाल : जमीन मशीनने, पाकळी पटाशीने

वडिलांनी पुण्यात कसबा पेठेत लाकडी कोरीव कामाचे दुकान टाकले तेव्हा विजेवर चालणारे एकच हत्यार होते, ड्रिल. देवघरे, चौकटी, गणेशपट्ट्या ही कामे. साग भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून यायचा, नक्षीचा कागद खळीने फळीवर चिकटवायचा आणि पुढचे सगळे पटाशी आणि लाकडी हातोड्यावर. आता नऱ्ह्याला शेड आहे, मशिनेही बरीच आहेत. शिकायला येणारी मुले पहिल्याच दिवशी विचारतात, "दादा, कुठलं मशीन घेऊ?" मी उलट विचारतो, "कोरणार काय आहेस?"

कोरीव कामात दोन कामे मिसळलेली असतात. नको ते लाकूड काढून टाकणे हे एक, पाकळीला आणि पानाला वळण देणे हे दुसरे. नक्षीमागची जमीन एका पातळीत खाली उतरवण्यात मिस्त्रींचा निम्मा जीव जायचा आणि बघणाऱ्याला ते काम दिसतही नाही. म्हणून आमच्याकडे आधी राउटर आला, म्हणजे फिरत्या बिटाने, कापणाऱ्या पात्याने, लाकूड खरवडणारे मशीन. 6 मिमी कॉलेटचा (कॉलेट म्हणजे बिटाची दांडी पकडणारा चिमटा), एका हातात मावणारा. बिट किती खोल उतरेल ते बांधून घेतले की जमीन सपाट निघते. नक्षीच्या रेषेच्या थोडे अलीकडे थांबायचे आणि कड पटाशीने उतरवायची, हा नियम वडिलांनी तेव्हाच घातला. तो अजून चालू आहे.

सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब, घोडे अशी जाड कामे वाढली तेव्हा चार इंची ग्राइंडर घेतला. हे मशीन मिनिटाला 11,000 च्या आसपास फिरते, म्हणजे चकतीची कड सेकंदाला 55 मीटरहून जास्त धावते. चकतीवर छापलेला कमाल फेऱ्यांचा आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा मोठाच हवा, हे दुकानदार सांगेलच असे नाही. लाकडासाठी कार्बाइडच्या, म्हणजे स्टीलपेक्षा कठीण दातांची चकती घ्यावी. करवतीच्या साखळीसारखी दातेरी चकती मात्र आमच्या शेडमध्ये येत नाही. लाकूड झपाट्याने काढते हे खरे, पण दात अडकला तर मशीन अंगावर उसळते. स्विचही दाबून धरावा लागणारा पाहावा, हात सुटला की बंद होणारा. लॉक होणारा स्विच पॉलिशवाल्याला सोयीचा, कोरणाऱ्याला नाही. आणि हातमोजे फिरत्या बिटाजवळ घालायचे नाहीत, तो कपडा आत ओढला जातो.

डाय ग्राइंडर, म्हणजे टोकाला छोटा बिट फिरवणारे हातातले मशीन, निवडताना लोक वॅट विचारतात. मी आधी फेरे कमी-जास्त करता येतात का ते विचारतो. पूर्ण वेगात शिसमावर बिट टेकवला की लाकूड जळून काळा डाग पडतो. तो खरवडून काढल्याशिवाय पॉलिश नीट बसत नाही. सागाची गोष्ट निराळी. त्यात सिलिका असते, साध्या स्टीलच्या बिटाची धार बघता बघता मरते. इथे कार्बाइडला पर्याय नाही. पण धातूसाठीचे बारीक दातांचे बिट स्वस्त मिळतात म्हणून ते घेऊ नयेत, त्यांच्या दातांत सागाचा तेलकट भुसा बसतो आणि मग कापण्याऐवजी नुसते घासले जाते. मोठ्या, विरळ दातांचे बिट घ्यावेत. पैसे कमी असतील तर मशीन मध्यम घ्या, पण बिट उत्तम घ्या.

बारीक कामाची युक्ती सोनारांकडून मिळाली. मोटर वर टांगलेली, तिच्यातून लवचीक शाफ्ट आणि हातात फक्त पेनाएवढी मूठ. वजन नाही, कंप नाही, गणपतीच्या बोटांवर तासन् तास बसता येते. रविवार पेठेत ही हत्यारे मिळतात. फक्त दांडीचे माप बघून घ्यावे. सोनारांच्या मायक्रोमोटरला, म्हणजे मुठीतच मोटर असलेल्या मशीनला, 2.35 मिमीची दांडी लागते, इतर छोट्या मशिनांना 3 किंवा 3.2 मिमीची. 3.2 च्या कॉलेटमध्ये 3 ची दांडी घट्ट वाटते, पण काम करताना सरकते.

दुरुस्तीचा विचार आम्ही किमतीच्या आधी करतो. मोटरमधले झिजणारे कार्बन ब्रश आणि बेअरिंग पेठेत त्याच दिवशी मिळत असतील तर ते मशीन आमचे. परदेशी पॉवर चिझेल मी वापरून पाहिली आहे. पाते पुढे-मागे ठोकते, भुरा उडत नाही, ढलप्या पडतात, काम सुंदर होते. पण सुटे भाग मागवून वाट बघत बसणे आमच्या धंद्याला परवडत नाही.

भुऱ्यावरून एक. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक पातळीवर नोंदलेली आहे. आमच्याकडे मास्कशिवाय मशीन सुरू होत नाही आणि धूळ ओढणारे यंत्र राउटरच्या पाठोपाठ घेतले. पाहुण्यांना ते अती वाटते. वाटू दे.

सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे कोरीव मशीन, आम्ही घेतलेले नाही, ते काम बाहेरून करून घेतो. एकसारख्या वीस जाळ्या लागल्या तर दुसरे काही करणे वेडेपणा ठरेल. पण नेहमीच्या तीन अक्षांच्या सीएनसीचे बिट वरूनच उतरते, पानाच्या खाली पोकळ कोरता येत नाही, आणि आतल्या कोपऱ्यात बिटाएवढी गोलाई राहतेच. विश्रामबाग वाड्याच्या लाकडी दर्शनी भागाचा फोटो घेऊन लोक येतात आणि "अस्सं पाहिजे" म्हणतात. मग आम्ही दोन नमुने हातात देतो, एक सीएनसीवरून आलेला तसाच, दुसरा त्यावर मिस्त्रींनी पटाशी फिरवलेला. कोटेशनमध्ये मशीनचे तास आणि हाताचे दिवस वेगळे लिहितो. हाताचे दिवस कमी करा म्हणणाऱ्याला करून देतो, पण कुठली पाने सपाट राहतील ते त्याच कागदावर लिहून सही घेतो.