उकाड्याचे संमतिवाचक वाक्य

जपानी शिकणाऱ्याच्या वाट्याला हवेविषयीची वाक्ये अगदी सुरुवातीच्या धड्यांतच येतात आणि ती इतकी सोपी असतात की त्याचा आत्मविश्वास उगीचच वाढतो. ‘अत्सुइ देसु ने’ म्हणजे ‘उकडते आहे, नाही का?’, आणि ‘सामुइ देसु ने’ म्हणजे ‘थंडी आहे, नाही का?’. शेवटचा ‘ने’ समोरच्याची संमती मागतो, आणि समोरचाही ‘सोओ देसु ने’ म्हणून ती तत्काळ देतो. घामाने निथळणाऱ्या दोन माणसांनी उकाड्याची बातमी एकमेकांना देण्यात कोणाच्याही ज्ञानात भर पडत नाही. तरीही शेजारपाजार या वाक्यावर सुखाने चालतो आणि म्हणूनच मला ते व्याकरणातील पुष्कळ अवघड प्रकरणांपेक्षा मोलाचे वाटते.

हवेची जपानी बोली ऐसपैस असली, तरी तिची मोजदाद मात्र काटेकोर आहे. दिवसाचे कमाल तापमान २५ अंशांवर पोहोचले की तो ‘नात्सुबि’, ३० अंशांवर ‘मानात्सुबि’, आणि ३५ अंश गाठले की ‘मोओशोबि’. यांतली शेवटची संज्ञा तेथील हवामान विभागाने २००७ साली वापरात आणली. विदर्भातल्या वाचकाला ३५ अंशांचे हे कौतुक वाचून हसू येईल, पण जपानी उन्हाळ्यातील दमटपणा मुंबईकराला विचारावा.

हवेकडून कपड्यांकडे वळले की हा सैलपणा संपतो. सदरा, कोट, किमोनो अंगात घालायचे तर ‘किरु’, पँट, पायमोजे आणि बूट यांसाठी ‘हाकु’, टोपीसाठी ‘काबुरु’, चष्म्यासाठी ‘काकेरु’. जणू शरीराचे तालुके पाडून प्रत्येकाला स्वतंत्र क्रियापद नेमून दिले आहे. आपण मराठी माणसांनी याची फारशी तक्रार करू नये, कारण साडी नेसायची, शाल पांघरायची, फेटा बांधायचा आणि गजरा माळायचा, हे सारे आपण परदेशी विद्यार्थ्याकडून निर्विकारपणे पाठ करून घेतोच. सुदैवाने जपानीत उतरवताना बरीच सूट मिळते: सदरा असो, बूट असो वा टोपी, ‘नुगु’ हे एकच क्रियापद पुरते.

हवा आणि कपडे यांची गाठ पडते ती ‘कोरोमोगाए’ या प्रथेत. हेइआन काळातील (साधारण आठव्या ते बाराव्या शतकातील) राजदरबारात रुजलेली ही ऋतुमानानुसार वस्त्रे पालटण्याची रीत आजही अनेक शाळांच्या गणवेशांत टिकून आहे. साधारणतः १ जूनला उन्हाळी आणि १ ऑक्टोबरला हिवाळी गणवेश अंगावर चढतो. आकाशाने तोवर आपला विचार बदलला असला तरी दिनदर्शिका सहसा बदलत नाही, हे मला फार जपानी वाटते.

कार्यालयांतील कोट आणि टाय मात्र भर उन्हाळ्यातही सुटत नसत. अखेर २००५ साली, युरिको कोइके पर्यावरणमंत्री असताना, सरकारनेच ‘कूल बिझ’ मोहीम काढली, वातानुकूलन २८ अंशांवर ठेवण्याचे आवाहन केले आणि टाय काढायला सांगितले. येथे ‘नुगु’वर विसंबलेल्या विद्यार्थ्याची पुन्हा पंचाईत होते, कारण टाय काढण्याचे क्रियापद ‘हाझुसु’ असे वेगळेच आहे.