पटलं नाही, तेही ताईंना सांगता आलं

समुपदेशनाला जायचं म्हणजे समुपदेशक ताई सांगणार आणि आपण ऐकायचं, अशीच माझी समजूत. सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या त्या खोलीत ताईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "इथून तुम्हाला काय हवंय?" हे माहेरी-सासरी कुणी विचारलंच नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हटलं, "मनातलं घरात बोलता यावं. गप्प राहून छातीत धडधडतं." त्यांनी ते माझ्याच शब्दांत लिहून घेतलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा माझा हक्क आहे, हेही समजावलं. सोलापुरात ओळखीतून ओळख निघतेच, त्यामुळे मला धीर आला.

धडधड झाली की वहीत नोंद करायची, असं आधी ठरलं. पण आमच्या भरल्या घरात वही लपवायची कुठे? "हे नाही जमणार," मी भीतभीत म्हटलं. "बरं झालं सांगितलंत. मग कसं जमेल?" मीच सुचवलं, सकाळी कंबर तलावाला फिरताना फोनमध्ये बोलून ठेवीन. ते जमलं.

एकदा त्या म्हणाल्या, "घरच्यांना तुमच्या गप्प राहण्याची सवय तुम्हीच लावलीत." फार लागलं मला ते. पुन्हा जाऊच नये असं वाटत होतं. तरी गेले आणि सांगून टाकलं. त्यांनी सारवासारव केली नाही. "दोष दिल्यासारखं झालं ते. माझं चुकलं," म्हणाल्या. इतकी शिकलेली बाई माझ्यासमोर असं म्हणते! मला रडूच फुटलं. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडलंय, की ध्येय आणि त्यासाठी करायचं काम दोघांना पटलेलं हवं, आणि दोघांत विश्वासाचं नातं हवं. हे मला ताईंनीच नंतर सांगितलं. नातं ताणलं गेलं तर ते पुन्हा सांधणं हाही उपचारच, असं त्या म्हणतात, आणि मला ते अगदी पटतं.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत आमच्याकडे पाहुण्यांची रीघ. भाकऱ्या नेहमी माझ्याकडे. यंदा जाऊबाईंना म्हटलं, "अक्का, आज सगळ्या माझ्याने होणार नाहीत. थोड्या तुम्ही घ्याल?" आवाज कापत होता. अक्कांनी परात ओढली. थापता थापता म्हणाल्या, "अगं, तुझ्या कामात कुणी हात घातलेला तुला खपत नाही, असं वाटायचं मला." मग भाकऱ्या संपल्या तरी आम्ही बोलतच होतो.

आता भेटी लांबवल्यात, तेही दोघींनी मिळून ठरवलं. समोर जायचा धीर होत नसेल त्यांनी टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन करावा. सेवा सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि कुणाकडे जाणार असाल, तर न पटलेली एखादी गोष्ट लवकरच बोलून दाखवा. ती ऐकून घेतली जाते का, हे मी तरी सगळ्यात आधी बघेन.