ग्रिड तुटल्यावर दोन टर्बाइन

गाळप ऐन भरात होतं. बाहेर वीज नेणारी लाइन अचानक गेली, कारखान्याला ग्रिडशी, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याशी, जोडणारा टाय ब्रेकर उघडला आणि लातूर जिल्ह्यातला आमचा साखर कारखाना ग्रिडपासून सुटा झाला. आमच्याकडे बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालणारी दोन टर्बाइन, १५ मेगावॅटचं मोठं, ८ चं लहान. बाहेर जाणारा भार क्षणात गेल्यानं दोन्ही उसळली, वाफ कमी-जास्त करून वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरनी वाफ आवळली, वेगाबरोबर बदलणारी फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवर आली. खरा पेच पुढेच होता.

"साहेब, लहान मशीन सगळा लोड ओढायलंय," जुने ऑपरेटर, आमचे मामा, म्हणाले. खरंच, लहान मशीन भरत चाललं होतं आणि मोठं शून्याकडे घसरत होतं. शून्याखाली गेलं, म्हणजे वीज देण्याऐवजी ओढू लागलं, की रिव्हर्स पॉवर रिले त्याला काढणार. मग कारखान्याचा ८ मेगावॅटच्या आसपासचा भार एकट्या लहान्यावर. एखादी मिल जरा जड गेली की सगळा अंधार, नि बाहेर गव्हाणीपाशी उसाच्या गाड्यांची रांग.

मी गव्हर्नरचे मोड पाहिले. ग्रिड सुटताच दोन्ही आयसोक्रोनस झाले होते, म्हणजे दोघांचाही हट्ट नेमक्या ५० चा. पण दोघांच्या मोजमापात केसाएवढा फरक असतोच. एकाला वेग कमी वाटतो, तो वाफ वाढवतो. दुसऱ्याला तोच वेग जास्त वाटतो, तो वाफ कापतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, तरी भार एकाच बाजूला सरकत राहतो.

"मामा, लहान्याला ड्रूपवर घ्या, हळूहळू लोड उतरवा." त्यांनी घेतलं. मोठ्याचा आकडा वर चढू लागला आणि स्थिर झाला.

ड्रूप मला फार सुंदर कल्पना वाटते. भार वाढला की वेग थोडा उतरू द्यायचा. ४ टक्के ड्रूप म्हणजे रिकाम्यापासून पूर्ण भारापर्यंत २ हर्ट्झची घट. सगळ्यांचा ड्रूप सारखा असेल तर वाढीव भार ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे वाटला जातो. फ्रिक्वेन्सी हाच निरोप, आणि तो प्रत्येक मशीनला स्वतःच्या शाफ्टवरच मिळतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूरची रायचूरशी ७६५ केव्ही लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिडही उरलेल्या देशाशी एका तालात आलं. कुठे मोठा संच पडला तर पहिल्या काही सेकंदांत देशभरचे गव्हर्नर असेच, कुणाला न विचारता सावरतात. भारप्रेषण केंद्रांचे आदेश त्यानंतर येतात.

लाइन परत आली. आता ग्रिडशी जुळवायचं: व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, फेज. आम्ही वेग किंचित जास्त ठेवला. दोन्हीकडचा ताल जुळतोय का ते दाखवणाऱ्या सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या दिशेनं सावकाश फिरत बाराच्या जवळ आला आणि मामांनी ब्रेकर मारला. झटका जाणवलाही नाही.

दुसऱ्याच दिवशी मी लॉजिक बदलून घेतलं: ग्रिड सुटलं की आयसोक्रोनस फक्त मोठं, लहान ड्रूपवरच. आता दर हंगामाच्या सुरुवातीला आम्ही टाय ब्रेकर मुद्दाम उघडून हे तपासतो. थोडं गाळप थांबतं, शेतकी विभागाची कुरकुर होते, तरी ही चाचणी मी सोडत नाही.