पीप साईटची नोंदवही: क्लिक सगळ्यात शेवटी

रायफल: 4.5 मिमी मॅच एअर रायफल, 200 बार दाबाच्या हवेचा सिलिंडर, साईट बसवायची 11 मिमीची रेल. मागे आयरिस (लहान-मोठं करता येणारं भोक) बसवलेली पीप साईट, म्हणजे भोकातून बघायची साईट, पुढे नळीच्या एक्स्टेन्शनवर 18 मिमीची गोल साईट आणि तिच्यात बदलता येणाऱ्या रिंगा. अंतर 10 मीटर. या प्रकारात दुर्बीण चालत नाही. साईटमध्ये भिंगच नको असा नियम आहे. चष्म्याचा नंबर असेल त्याला मागच्या साईटवर एक भिंग लावता येतं, तेवढीच सवलत. म्हणजे सगळा खेळ दोन भोकांचा आणि एका डोळ्याचा.

तक्रार अशी: रविवारी झीरो केलेली, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागावी अशी साईट लावलेली, रायफल बुधवारी वर-उजवीकडे मारते. ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, लहानच राहतो, पण त्याचं केंद्र 2.4 मिमी वर आणि 3.2 मिमी उजवीकडे सरकतं. तिरकं अंतर 4 मिमी, म्हणजे 10.9 या कमाल गुणांच्या जागी 9.3. आत्तापर्यंतचा उपाय म्हणजे साईटच्या नॉबचे क्लिक (एक-एक खाच) फिरवणे, आणि पुढच्या आठवड्यात उलटे फिरवणे.

पहिली बैठक: खोलणं, पुसणं, खुणा करणं

सिलिंडर काढला, ब्रीच (गोळी भरायची जागा) उघडी ठेवून नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी असल्याची खूण, घातला, मग ॲलन की हातात घेतली.

मागची साईट रेलवरून उतरवली तर क्लॅम्पखाली तेलाचा थर. गंज चढू नये म्हणून पावसाळ्यात रेलवर तेलाचा हात फिरवतात. कोकणपट्टीत तर ते करावंच लागतं. पण क्लॅम्प जिथे बसतो तेवढी जागा कोरडीच हवी. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं रेल आणि क्लॅम्पचे जबडे पुसले. दोन स्क्रूंपैकी पुढचा हातानंच फिरत होता. दोन्ही थोडेथोडे, आळीपाळीनं आवळले. एकच स्क्रू आधी पूर्ण पिळला की साईट रेलवर तिरकी बसते, आणि ती तिरकी बसलीय हे बघून कळत नाही. छोट्या ॲलन कीची लांब बाजू स्क्रूत घालायची आणि आखूड बाजू बोटांनी फिरवायची. एवढ्यानं बसतो तेवढाच जोर पुरे. थ्रेडलॉकर (स्क्रू घट्ट धरणारा डिंक) लावायचं कारण नाही, साईट पुन्हा सरकवावी लागणारच आहे.

मग प्रत्येक जोडावर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली: क्लॅम्प आणि रेल, पुढची साईट आणि एक्स्टेन्शन, एक्स्टेन्शन आणि नळी, चीकपीसची (गाल टेकवायच्या भागाची) दांडी. दहा-वीस रुपयांत यापेक्षा चांगलं मोजमापाचं साधन मिळत नाही. जोड हलला की रेघ तुटते.

दुसरी बैठक: एक क्लिक म्हणजे किती

आयरिसपासून पुढच्या रिंगेपर्यंतचं अंतर टेपनं मोजलं, 820 मिमी. या साईटच्या एका क्लिकला भोक 0.02 मिमी सरकतं. लक्ष्य 10,000 मिमीवर, म्हणून 0.02 × 10,000 ÷ 820 = 0.244 मिमी. 10 मीटरच्या टार्गेटवर दोन वर्तुळांमध्ये 2.5 मिमी असतात, म्हणजे गुणाचा एक दशांश 0.25 मिमीचा. हिशेब सोपा झाला: एक क्लिक, एक दशांश. साईट पुढे-मागे सरकवली की हे गणित थोडं बदलतं, म्हणून साईटची जागा आधी पक्की करायची आणि क्लिकचा हिशेब नंतर.

50 मीटरच्या पॉइंट टू-टू (.22) रायफलवर हीच साईट लावली तर क्लिक पाचपट, 1.2 मिमी. तिथे वर्तुळांत 8 मिमीचं अंतर असतं, त्यामुळे एक क्लिक दीड दशांशाचा होतो.

कागदावरचा हिशेब रायफलीला मान्य आहे का, ते बेंचवर बघितलं. पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर ठेवला. नळी किंवा एक्स्टेन्शन पिशवीला टेकवायचं नाही, लाकडाचा भागच टेकवायचा. दहा गोळ्यांचा ग्रुप, 40 क्लिक उजवीकडे, पुन्हा दहा, 40 क्लिक परत डावीकडे, पुन्हा दहा. दहाच क्लिकवर ही चाचणी केली तर ग्रुपचं केंद्र ठरवण्यात होणारी चूक आणि साईटची चूक यांत फरक कळत नाही. म्हणून 40.

अपेक्षा 9.8 मिमीची. जाताना भरले 9.6, येताना 9.0. येताना 0.6 मिमी हरवले, म्हणजे दोन-अडीच क्लिकचा ढिलेपणा. आतली स्प्रिंग थकली किंवा जुनं ग्रीस घट्ट झालं की दिशा बदलताना पहिले दोन क्लिक नुसते वाजतात, भोक जागचं हलत नाही. तिसऱ्याला एकदम सरकतं. नेमबाज म्हणतो, ‘एक क्लिक दिला आणि गोळी उडाली.’ साईट दुरुस्तीला जाईपर्यंतचा उपाय असा: शेवटची हालचाल कायम एकाच दिशेनं. डावीकडे 4 हवे असतील तर 9 डावीकडे आणि 5 परत उजवीकडे.

नॉबवरच्या बाणांबद्दल एक सूचना. काही साईटवर ‘आर’चा बाण म्हणजे ‘गोळी उजवीकडे घेऊन जा’, तर काहींवर ‘गोळी उजवीकडे लागतेय, तर असं फिरव’. जर्मन अक्षरं असतील तर ‘एच’ म्हणजे वर आणि ‘टी’ म्हणजे खाली. अक्षरांवर विसंबू नका. 40 क्लिकच्या चाचणीत दिशाही कळते, ती चिकटपट्टीवर लिहून नॉबशेजारी चिकटवा.

तीन रेघा शाबूत, एक तुटली

तिसऱ्या बैठकीला मुख्य चोर सापडला. चाळीस गोळ्यांनंतर एक्स्टेन्शन आणि नळीच्या जोडावरची नेलपॉलिशची रेघ केसभर सरकलेली. एक्स्टेन्शन दोन बोटांत धरून पिळलं तर डोळ्याला काही दिसेना, पण बोटाला ‘टक’ जाणवला. आतला एक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) सैल होता.

हा टक किती महाग पडतो ते बघा. पुढच्या साईटचं केंद्र नळीच्या मध्यापासून 55 मिमी वर आहे. एक्स्टेन्शन 0.2 अंश फिरलं तर ते केंद्र 0.19 मिमी बाजूला जातं आणि टार्गेटवर 2.3 मिमीचा फरक पडतो. पुढची साईट डावीकडे गेली की गोळी उजवीकडे जाते. उजवीकडच्या 3.2 मिमीपैकी 2.3 इथे आणि 0.6 साईटच्या ढिलेपणात. उरलेले 0.3 कुठे गेले ते खाली येतं.

ग्रब स्क्रू आवळण्याआधी पुढची साईट सरळ उभी हवी. मागे भिंतीवर ओळंबा सोडला, रायफल क्रेडलमध्ये (स्टँडवर) लेव्हलवर ठेवली आणि रिंगेच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या पट्ट्या दोऱ्याशी काटकोनात आणल्या. मगच आवळलं. नवी रेघ ओढली.

सिलिंडरचा दाब आणि 2.4 मिमी

उभ्या फरकाचं कारण साईटमध्ये नव्हतंच. गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर 180 बारला वेग 172 मीटर प्रति सेकंद. 60 बारला तोच 161. रेग्युलेटर, म्हणजे गोळीमागच्या हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, ज्या दाबावर बसवलेला असतो त्याच्या खाली सिलिंडर गेला की गोळीमागची हवा कमी पडत जाते. 172 ला 10 मीटरमध्ये गोळी साधारण 17 मिमी खाली येते, 161 ला 19. फरक 2 मिमीच्या थोडा वर.

रविवारी सरावाच्या शेवटी, सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना झीरो केला जायचा. गोळ्या खाली लागतात म्हणून क्लिक वर दिले जायचे. बुधवारी सिलिंडर भरून आला की सगळं वर. साईट आपलं काम चोख करत होती. झीरो करताना दाब 120 ते 180 च्या मध्ये ठेवायचा, आणि सराव असो वा मॅच, गेज 80 च्या आसपास आलं की सिलिंडर बदलायचा. सिलिंडरवर छापलेली मुदत संपली असेल तर तो भरायचाच नाही, तिथे चर्चा नाही.

गाल, डोळा, आयरिस

इथे सर्वात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

क्रम असा: बट (खांद्याला टेकणारा भाग), मग चीकपीस, मग मागच्या साईटचं पुढे-मागे, मग साईट उंच करणारा ब्लॉक. पोझिशन घेऊन डोळे मिटायचे, डोकं चीकपीसवर सैल सोडायचं, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. पुढच्या साईटचं गोल आयरिसच्या बरोबर मधोमध दिसलं पाहिजे, कडेचा काळा पट्टा सगळीकडून सारखा. नसेल तर मान हलवायची नाही, चीकपीस हलवायचा. मानेनं केलेली दुरुस्ती चाळीसाव्या गोळीपर्यंत टिकत नाही. साठ गोळ्यांच्या मॅचमध्ये उरलेल्या वीस गोळ्या मग वाऱ्यावर.

डोळा मधोमध नसेल तर नेमकं काय होतं? आयरिस 1.1 मिमी आणि बाहुली 2-3 मिमी, त्यामुळे बाहुली थोडी सरकली तरी भोक पूर्णपणे बाहुलीच्या आतच राहतं आणि नेम बदलत नाही. पण बाहुलीची कड भोकाच्या आत आली की भोकाचा एक भाग बंद होतो आणि भोकाचं केंद्र सरकल्यासारखं होतं. 0.1 मिमी सरकलं तरी टार्गेटवर 1.2 मिमी, पाच दशांश. एका बाजूला करडी सावली दिसली की समजायचं, हे सुरू झालं. आयरिस 1.4 पर्यंत उघडून ठेवला की ही वेळ लवकर येते, 0.8 पर्यंत बारीक केला की सगळं अंधारतं आणि कडा मऊ पडतात. या रायफलीला 1.1 वर स्थिर केलं. ढगाळ दिवशी अर्ध्या उघड्या रेंजवर 1.2. मॅचच्या मध्येच आयरिस बदललात तर झीरो पुन्हा तपासा.

दुसरा डोळा मिटू नका. दोन्ही बाहुल्या एकमेकींच्या तालावर चालतात, एक डोळा अंधारात गेला की नेमाचा डोळाही बदलतो. त्यासाठी साईटला ब्लाइंडर, म्हणजे दुसऱ्या डोळ्यापुढची पट्टी, लावायचा, काळा नको, दुधाळ पांढरा. नियमाप्रमाणे उंची 30 मिमी आणि आयरिसच्या मध्यापासून लांबी 100 मिमी, यापेक्षा मोठा नको.

रिंग किती मोठी

काळा गोल 30.5 मिमी. डोळ्यापासून पुढची रिंग 870 मिमीवर, त्यामुळे तिथे काळा गोल 2.65 मिमीचा दिसतो. रिंग 3.4 ची असेल तर चारी बाजूंना पांढरं उरतं जेमतेम 0.37 मिमी. कागदावर हे नेमकेपणाचं वाटतं. प्रत्यक्षात उभ्या पोझिशनमध्ये रायफल डुलते, काळं रिंगेला घासतं, आणि डोळा ‘आता मध्ये आलं, आता गेलं’ असा हिशेब करत बसतो. बोट ट्रिगरवर अडकतं, धरून ठेवण्याचा वेळ लांबतो, आणि मग गोळी ओढली जाते.

3.4, 3.8 आणि 4.2 अशा तिन्ही रिंगांवर प्रत्येकी तीस गोळ्या उभ्यानं. 3.4 ला उत्तम गोळ्या सर्वात जास्त, पण 9.0 च्या खालच्याही सर्वात जास्त. 4.2 ला दोन्ही टोकं कमी आणि सरासरी वर. नवशिक्यानं 4.2 च्या आसपास सुरुवात करावी, 3.6 चा मोह वर्षभर बाजूला ठेवावा, असं आमचं स्पष्ट मत. बदलता व्यास असलेली रिंग मिळाली तर 0.1 च्या पायऱ्यांनी खाली येता येतं, पण सरावाच्या मध्यात नाही.

तिरकेपणा

उरलेले 0.3 मिमी इथले. रायफल उजवीकडे कलली की गोळी उजवीकडे आणि किंचित खाली जाते. प्रमाण: गोळी खाली येते ती 17 मिमीची घट गुणिले कलण्याच्या कोनाचा साइन. 1 अंशाला 0.3 मिमी, 5 अंशाला 1.5. साईट ब्लॉकवर उंच बसवली की कलाची चूक वाढते असं रेंजवर नेहमी ऐकू येतं. साईटच्या रेषेभोवती रायफल कलली तर उंचीचा यात संबंध येत नाही, फक्त घटीचा येतो. त्यामुळे चेहऱ्याकडे थोडी कललेली रायफल चालते, पण दर गोळीला तेवढीच कललेली हवी. रिंगेच्या आडव्या पट्ट्या टार्गेटच्या फ्रेमला समांतर दिसतायत का, एवढी एक नजर पुरते.

थ्री पोझिशनवाल्यांना (तीन स्थितींतून गोळ्या मारणाऱ्यांना) याची जाणीव आधीपासून असते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं ते 50 मीटरच्या याच प्रकारात. गुडघ्यावर, पालथं आणि उभं, तिन्हीत डोकं वेगळ्या जागी टेकतं, म्हणून प्रत्येक पोझिशनचे क्लिक वेगळे लिहून ठेवावे लागतात. एअर रायफल दोघांत वाटून घेणाऱ्यांनीही तेच करावं. या रायफलीवर दोन नेमबाजांमध्ये 7 क्लिक उंचीचा फरक निघाला, चीकपीस एकाच खुणेवर असताना.

आजची स्थिती

आयरिस 1.1, रिंग 4.2, उंची तळाच्या टोकापासून 63 क्लिक, बाजू डाव्या टोकापासून 48, शेवटची हालचाल उजवीकडे. सलग तीन बैठका, 150 बारला पहिला ग्रुप, केंद्राचा फरक 0.5 मिमीच्या आत. चीकपीसच्या दांडीवरची रेघ मात्र कालच्या बैठकीत थोडी तडकलेली दिसली. तो स्क्रू उद्या बदलायचा आहे, तोवर झीरोला हात नाही.