संघाची वही चिटणीसांच्या कपाटात : बदल अर्जाचा अनुभव

दर महिन्याला वाढदिवस साजरे करायला, १ ऑक्टोबरला पाहुणे बोलावून शाल-नारळ द्यायला, नृसिंहवाडीची सहल काढायला आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला कधी कागद लागले नाहीत. खजिनदार वारले आणि कागद लागले. चेकवर चिटणीस आणि खजिनदार अशा दोघांच्याच सह्या चालायच्या, तिसरं नावच नव्हतं. खातं जागच्या जागी थांबलं. बँकेला हवा होता धर्मादाय आयुक्त कार्यालयाचा बदल मंजुरीचा आदेश आणि नवीन नावं चढलेला परिशिष्ट एकचा, म्हणजे त्या कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, उतारा.

नोंदणीकृत संस्थेत विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. मुदत गेली तर सोबत विलंब माफीचा अर्ज, त्यात कारण नीट लिहून. मयताचा मृत्यू दाखला, राजीनामा दिलेल्याचं पत्र, नव्यांची संमतीपत्रं, ओळखपत्रं हे सगळं भराभर जमतं. ज्येष्ठ माणसं झेरॉक्स काढून तयारच असतात.

घोडं अडतं ते नवी कार्यकारिणी ज्या सभेत निवडली त्या सभेच्या पुराव्यावर. सभेची नोटीस, ती सभासदांना मिळाल्याचा पुरावा, हजेरी आणि इतिवृत्त या चार गोष्टी लागतात. आमच्याकडे सभेची नोटीस म्हणजे बागेतल्या फळ्यावर खडूनं लिहिलेली ओळ. दुसऱ्या दिवशी त्यावर योगवर्गाची वेळ लिहिली जाते. व्हॉट्सअॅपवरही टाकतात, पण संघाच्या घटनेत तशी तरतूद नसेल तर त्या एकट्यावर भागत नाही. आमच्या घटनेत तर नोटीस यूपीसीनं, म्हणजे पत्र टपालात टाकल्याचा पोस्टाचा दाखला घेऊन, पाठवावी असं आहे. टपाल खात्यानं ती सोय २०११ मध्ये बंद केली, घटनादुरुस्ती मात्र कुणाला सुचली नाही.

इतिवृत्ताची वही चिटणीसांच्या घरी, कपाटात. मागायला गेलं की उत्तर ठरलेलं, "माझ्यावर विश्वास नाही काय? देतो की." ती हाती आली तेव्हा कळलं ते का टाळत होते. मधे मधे अर्धं अर्धं पान कोरं सोडलेलं, नंतर लिहायला म्हणून. हजर सभासदांची नावं एकाच अक्षरात, समोर सह्या नाहीत. प्रत्येक ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर', पण सूचक कोण, अनुमोदक कोण, पत्ता नाही. निवडीच्या सभेची हजेरी म्हणून जो कागद चिकटवलेला, तो पन्हाळ्याच्या सहलीचा होता. वर शीर्षकच तसं होतं! अशा वहीवर एका सभासदानं हरकत घेतली तरी अर्ज वादात जातो, आणि वादातला अर्ज म्हणजे साक्षीपुरावे आणि तारखा. वही ही संस्थेचं दप्तर आहे, चिटणीसांची रोजनिशी नव्हे, हे त्यांना तोंडावर सांगणारा माणूस संघात नसतो. सगळे त्यांच्या उपकाराखाली, कारण हॉल तेच मिळवून देतात.

जुनी पानं आता भरत बसू नका, शाईच सांगते. नव्यानं सभा घेणं हाच सरळ मार्ग. घटनेत नोटिशीचे जितके दिवस सांगितलेत ते मोजताना नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस धरू नका. एक सही-वही करा : अनुक्रमांक, सभासद क्रमांक, नाव, तारीख, सही. आमच्या कोल्हापुरात शिवाजी पेठ एकाकडे, राजारामपुरी दुसऱ्याकडे, बावडा तिसऱ्याकडे अशी वाटणी केली की सह्या लवकर होतात. मुलाकडे पुण्याला गेलेल्यांना स्पीड पोस्ट, पावत्या जपून. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, झाली नाही तर अर्ध्या तासानं तीच सभा पुन्हा घ्यायची पद्धत घटनेत असेल तरच चालते. विषयपत्रिकेत 'कार्यकारिणी निवड' स्वच्छ लिहा, 'ऐनवेळचे विषय' मध्ये निवडणूक घुसवू नका.

खरं तर सगळ्याच्या आधी करायचं काम म्हणजे परिशिष्ट एकची नक्कल काढणं. सरकारदरबारी विश्वस्त कोण ते त्यातच दिसतं. आमच्या उताऱ्यात कैलासवासी झालेलीच मंडळी जास्त. म्हणजे मधल्या निवडींचे अर्ज कुणी दिलेच नव्हते. आधीचा बदल लोंबकळत असेल तर नंतरच्यालाही तो आडवा येतो, त्यामुळे ते अर्जही क्रमानं लावावे लागले. मावळत्यांपैकी जे हयात आहेत त्यांची ना हरकत अर्जासोबतच जोडली तर पुढची बरीच दगदग वाचते. आमच्या चिटणीसांनी ती सही शेवटी दिली, सत्कार करायचं कबूल केल्यावर!

आदेश निघाला की बँकेत बाकी फार काही नसतं. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या असा ठराव करून द्या. आणि हो, खातं अडकलं असताना मुदत ठेवीची तारीख बघून ठेवा. आपोआप नूतनीकरणाची सूचना दिलेली नसेल तर मुदत संपल्यावर ठरलेला व्याजदर मिळत नाही, आणि सह्या बदलेपर्यंत ती ठेव हलवताही येत नाही.