पोरांच्या कविता, पोरांच्याच नावानं

शनिवार, सकाळची शाळा.

लावणीमुळे वर्गात पोरं कमीच. कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूरच्या या पट्ट्यात जुलैत हजेरीपट असाच दिसतो. धडा पुढं नेला नाही, शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी आलेल्या पोरांच्या कविता काढून बसले.

बहुतेक एकाच साच्यातल्या. पाऊस आला, आनंद झाला, मोर नाचला, शेतकरी हसला. पोरांचा दोष नाही. पाठ्यपुस्तकात असते तीच कविता, असं त्यांना वाटतं, मग ती तशीच घडवतात. आठवीतली एक मुलगी अशीच पावसाची आठ ओळींची कविता घेऊन आली, यमक चोख. मी एवढंच विचारलं, "काल पाऊस लागला तेव्हा तू कुठं होतीस गे?"

"बांधावर, टीचर. आईला डबा द्यायला गेलतो."

"मग काय दिसलं?"

थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आईचे पायच दिसत नव्हते."

म्हटलं, हे लिही. मधल्या सुट्टीनंतर वही परत आली:

चिखलात आईचे पाय दिसत नाहीत
नुसती वाकलेली पाठ
पाठीवर खोळ, खोळीवर पाऊस पडुलालाय
मी बांधावर डबा धरून उभी

शिक्षकांच्या खोलीत दाखवली. एक सहकारी म्हणाले, तेवढं 'पडतो आहे' करा, बाहेरच्या कुणी वाचलं तर हसेल. मी नाही केलं. ऱ्हस्व-दीर्घ मी तपासते, कवितेतली बोली बदलत नाही. पेपरात प्रमाण मराठी लिहायला याच पोरांना मी रोज शिकवते, तिथं सवलत नाही. पण आईविषयी लिहिताना घरातले शब्द टाकून उसने घ्यायला लावले, तर पुढच्या वेळी ही पोरगी पुन्हा मोराकडंच जाणार.

मोबाइलवर मागितली की आता कविता तयार मिळते. तशाही आल्यात. मी ओरडत नाही. ही ओळ कुठं सुचली, हा शब्द का घेतलास, असं विचारते. ज्यानं लिहिलीय तो सांगत सुटतो. ज्यानं उतरवलीय तो वही मागं ओढतो, आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी दोनच ओळी का होईना, स्वतःच्या घेऊन येतो.

सीमाप्रश्नावर लिहिणारेही असतात. असणारच. 17 जानेवारीचा हुतात्मा दिन, 1 नोव्हेंबरचा काळा दिन ही पोरं कळत्या वयापासून बघतात. पण वहीत उतरतात त्या घोषणा, त्याही मोठ्यांच्या. एकाला म्हटलं, तुला स्वतःला हा प्रश्न कुठं भेटतो तेवढंच लिही. त्यानं आजोबांबरोबर कचेरीत गेल्याचं लिहिलं. अर्जावरचं कन्नड घरात फक्त यालाच वाचता येतं, शाळेत शिकला म्हणून. आजोबा कागद त्याच्या हातात देतात आणि तो वाचेपर्यंत दुसरीकडं बघत राहतात. नातवाचा अभिमान आणि आजोबांची लाज, दोन्ही त्यात आलंय. इतकं खरं मी कुठल्या भाषणात ऐकलेलं नाही.

लिहून घेतलं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. कविता कुणीतरी वाचली पाहिजे, आणि ती पोराच्या नावानं असली पाहिजे. व्हरांड्यातल्या भित्तिपत्रकावर कविता लागली की सातवीतली पोरंही उभी राहून वाचतात, आणि लिहिणारा लांबून त्यांच्याकडं बघत असतो. प्रतिभा कारंजीत, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांच्या कलास्पर्धेत, आमची पोरं कविता म्हणतात, बक्षिसंही आणतात. चांगलंच आहे. तसं स्वतःचं वाचायलाही त्यांना व्यासपीठ हवं. आपल्या सीमाभागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी अशा गावांतून साहित्य संमेलनं भरतात, गावकरी ती स्वतः उभी करतात. तिथल्या कविसंमेलनात शाळेच्या पोरांना थोडा वेळ मिळावा म्हणून मी या वर्षी भेटून विनंती करणार आहे. स्पर्धा नको, नंबर नको, नुसतं वाचन.

कवी पुण्या-मुंबईचेच असतात असा पोरांचा समज. इंदिरा संत बेळगावात शिक्षिका होत्या, इथं राहूनच लिहीत होत्या, 1984 साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, असं सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "कुठल्या गल्लीत राहायच्या, टीचर?" मला तो फार आवडला.

सगळ्यांत चांगली कविता मात्र हस्तलिखितात येणार नाही. नववीतल्या एका मुलाची आहे. वडील गोव्याला कामाला, गणपतीला येतात. ते आले की आई हळू बोलायला लागते, भांडीसुद्धा जपून ठेवते, असं त्यानं लिहिलंय. वही देतानाच म्हणाला, "ही लावू नका टीचर, घरात कळंल." टोपणनाव सुचवलं. तेही नको म्हणाला. मग नाही लावायची. माझ्या मनात होतं ती सगळ्यांनी वाचावी, पण कविता त्याची आहे आणि घरही त्याचं. चांगली का वाटली ते ओळ न् ओळ दाखवून त्याला सांगितलं आणि वही त्याच्या हातात दिली. भांड्यांवर थांबलो तेव्हा तो इतर काही बोलायला लागला. त्याच्याशी वेगळं बसून बोलायला हवं, कवितेसाठी नव्हे. सोमवारीच.

हस्तलिखित 15 ऑगस्टला काढायचं ठरलंय. अक्षर चांगलं असलेल्या मुलींना उतरवायला बसवायचं, मुखपृष्ठ चित्रकलेच्या सरांकडं. दरवर्षी पहिल्या पानावर मुख्याध्यापकांचं मनोगत असतं. या वेळी ते शेवटी घेऊया का, असं त्यांना विचारणार आहे. पहिल्या पानापासून पोरंच असू देत.