बॅटरीवाला ग्राइंडर कुठे कामाला येतो आणि कुठे मान टाकतो

गच्चीवरच्या टाकीच्या स्टँडचे चार बोल्ट गंजून पार एकजीव झालेले, पाना लावला की घसरायचा आणि बोल्टचं डोकंच गोल व्हायचं, आणि खालून वायर ओढायची तर दोन एक्स्टेन्शन जोडूनही पोचत नव्हती. शेवटी बॅटरीवाला ग्राइंडर वर नेला, १ एमएमची कटिंग डिस्क लावली आणि चहा निवायच्या आत चारही बोल्ट मोकळे. तेव्हापासून हे मशीन मला मनापासून आवडतं. शिडीवर उभं राहून एखादा अँगल कापायचाय, गेटची बिजागरी उडवायचीय, सळईचं टोक छाटायचंय, म्हणजे काम दोन मिनिटांचं आणि वायरीची तयारीच अर्ध्या तासाची, अशा ठिकाणी याला तोड नाही. शिवाय पायात वायर नाही आणि फिरत्या डिस्कखाली ती सापडायची धास्तीही नाही.

पण मग मी त्याच्याकडून भलतंच काम करून घ्यायला गेलो. लोखंडी गेटवरचे वेल्डिंगचे टाके घासून सपाट करायचे होते, फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पाकळ्यांची, घासायची डिस्क) लावली आणि बसलो दाबून घासत. पहिली बॅटरी दहा मिनिटंही टिकली नाही, दुसरी तशीच, आणि पहिली चार्जरवर लावायला गेलो तर ती इतकी तापलेली की चार्जर घेईचना, नुसता लाइट मिचकावत बसला. आधी गार होणार, मग चार्ज होणार, तोवर मी गेटसमोर हात बांधून उभा.

यात मशीनचा दोष नाही, हिशोबच तसा आहे. माझी बॅटरी १८ व्होल्टची, ५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता), दोन्हींचा गुणाकार ९० वॉट-अवर, एवढीच ऊर्जा तिच्यात साठते. साध्या वायरवाल्या ४ इंची ग्राइंडरवर ८५० वॉट लिहिलेलं असतं, तेवढी ताकद सलग ओढली तर ही अख्खी बॅटरी जेमतेम सहा-सात मिनिटं पुरते. म्हणून सलग घासकाम वायरवाल्यानंच करावं, गेटचे उरलेले टाके मी तसेच केले. आणि ग्राइंडरला ड्रिलची छोटी २ एएचची बॅटरी लावूच नका, तिच्यात साधारण पाचच सेल एका ओळीत असतात, मोठीत दोन ओळी मिळून दहा, त्यामुळे छोटीतल्या प्रत्येक सेलवर दुप्पट भार येतो आणि ती लगेच तापते.

अजून एक फरक हाताला कळायला वेळ लागला. वायरवाल्यावर जास्त जोर दिला की त्याचा आवाज जड होतो, आपण हात हलका करतो. बॅटरीवाला बहुतेक वेळा काही न सांगता कापता कापता एकदम थांबतो. तेव्हा डिस्क खाचेत अडकलेली असतानाच परत बटण दाबायचं नाही, मशीन उसळून हाताला झटका बसतो, आधी डिस्क बाहेर काढायची, मग सुरू करायचं.

आणि कृपा करून हे मशीन छोटं, हलकं म्हणून गार्ड (डिस्कवरचं संरक्षक झाकण) काढून एका हातात धरू नका. ५ इंची डिस्क ८५०० आरपीएमला (मिनिटाला ८५०० फेऱ्या) फिरते तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटर होतो, तिथून उडालेला तुकडा मशीन बॅटरीचं की वायरचं हे बघत नाही. गॉगल तर हवाच, साधा चष्मा चालत नाही. डिस्कच्या मधल्या धातूच्या रिंगवर एक्स्पायरीही छापलेली असते, ती बघून घ्या.

वायरवाल्याची पिन काढली की निर्धास्त व्हायची सवय असते, इथे पिनच नाही, बॅटरी आत आहे तोवर मशीन चालूच समजायचं. परवा डिस्क बदलताना माझा तळवा बटणावर टेकला, मशीन घुर्र करून हललं आणि काळजात धस्स झालं, बोटं डिस्कपासून वीतभर लांब होती म्हणून वाचली. आता बॅटरी काढून पलीकडे ठेवतो आणि मगच नट सोडवायला घेतो.